माझ्या वाटीतली पांढरी पूड

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बायकोला बोलावू नका, ती सांगायला लागली तर दुप्पट वाढवून सांगते. आणि खरं तर वाढवायची तिला फारशी गरजही नाही!

मी जवळा बाजारचा मापाडी. कापसाचं गाठोडं ओलं करून आणणारे, पोत्यात खडे भरणारे, असल्या लोकांत आयुष्य गेलं. त्यामुळे संशय हा माझ्या धंद्याचा भाग. पण धंदा बाजारात ठेवून घरी यावं की नाही? मी तराजूसकट घरी यायचो.

त्या वर्षी चैत्रापासून माझं अंग काही ठिकाणावर नव्हतं. चार पोती मोजली की दम लागायचा. बसल्या जागेवरून उठलो की बाजार गोल फिरायचा. आणि रंग! मी मुळात गव्हाळ. तो काळवंडत चालला. ऊन लागलं म्हणावं, तर पोटाला कुठलं ऊन? तळहाताच्या रेषा तर शाईनं आखल्यासारख्या दिसायच्या.

आमचा दोस्त उस्मानभाई शिंपी, एक दिवस माझ्या तोंडात बघून म्हणाला, "भाऊ, मिस्सी लावून राहिलास का? हिरड्या काळ्या पडल्या तुझ्या!"

"दात काळे करायची मिस्सी बायका लावतात."

"म्हनूनच तर विचारून राहिलो!"

तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. माणूस उगाच काळा पडतो का हो? कुणीतरी काहीतरी करतं तेव्हाच पडतो. पण कोण?

घरात दुसरंच चाललं होतं. गोदाची, म्हणजे माझ्या बायकोची, भाजी मला आळणी लागायची. रोज! मी ओरडायचो, "मीठ काय माहेरी ठेवून आलीस?" आणि आमच्या दोन्ही पोरी शेजारी बसून म्हणायच्या, "बाबा, खारट तर झालीय!" घ्या! पोरीसुद्धा तिकडच्याच.

मग एकदम भाजी बरी लागायला लागली. मी खूश. तब्येत काही सुधारली नाही, पण चालत फिरत होतो. खूश राहायचं की नाही? पण मापाड्याच्या मनात आलं, एवढ्यात असा फरक कसा पडला?

एका दुपारी मी लवकर घरी आलो आणि दाराआडून पाहिलं. गोदानं सगळ्यांची ताटं वाढली. मग इकडे तिकडे बघितलं, पदराच्या गाठीतून एक पुडी काढली आणि त्यातली चिमूटभर पूड फक्त माझ्या वाटीत टाकून बोटानं ढवळली. पांढरी पूड! पिठीसारखी बारीक!

आता तुम्ही म्हणाल, मीठ असेल. अहो, पण आमच्या घरात मीठ म्हणजे बोराएवढे खडे, बरणीत भरलेले. बारीक पूड कुणी पाहिली होती? रंग का काळवंडला, शक्ती कुठे गेली, सगळा हिशेब क्षणात जुळला. अठरा वर्षांच्या संसाराचा हा शेवट!

ती लुगडं बदलून विहिरीवर गेली तेव्हा मी खुंटीवरच्या लुगड्याच्या गाठीतून पुडी काढली आणि माझ्या पागोट्यात लपवली. आणि त्या दिवसापासून घरचं अन्न बंद! "पित्त झालंय" म्हणून सांगितलं आणि गवळ्याकडचं दूध नि केळी, एवढ्यावर राहिलो. गोदा रडकुंडीला आली. "अवो, दोन घास तरी खावा. काहून असं करून राहिले?"

वा रे वा, म्हटलं, घास खायला घालायची केवढी घाई!

पाचव्या दिवशी भर बाजारात तराजूजवळच मी कोसळलो. उलट्या थांबेनात. उस्मानभाईनं उचललं, तेव्हा मी त्याच्या कानात म्हणालो, "विष. गोदानं दिलंय. पुरावा पागोट्यात आहे."

"या अल्ला!" म्हणाला आणि बैलगाडी जुंपायला धावला.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो, तर गोदा धावत येऊन गाडीत चढली. मी म्हणालो, "लांब बस." तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, मी तोंड फिरवलं. मग ती कडेला जाऊन बसली आणि वाटेत एक शब्द बोलली नाही. गुन्हेगार असाच गप्प असतो, असं मी मनात नोंदवलंसुद्धा.

डॉक्टरसाहेब वयस्कर होते. मी पडल्या पडल्या पुडी पुढे केली. "साहेब, हिनं मला हे चारलं."

त्यांनी पुडी उघडली, वास घेतला आणि बोट जिभेला लावलं!

"अहो साहेब, जीव जाईल तुमचा!"

"मीठ आहे."

"विषात मीठ मिसळलं असंल!"

त्यांनी आणखी एक चिमूट तोंडात टाकली आणि शांतपणे माझे तळहात पाहिले, हिरड्या पाहिल्या. दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि मान हलवली. मग शिरेतून खारं पाणी चढवायला लावलं. संध्याकाळपर्यंत मला माणसं ओळखू यायला लागली.

तेव्हा त्यांनी समजावलं. "दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. तुमच्या सुकत चालल्यात. त्यामुळे अंगात मीठ टिकत नाही, लघवीवाटे जातं. म्हणून चक्कर, म्हणून थकवा, म्हणून मिठाची हाव. काळा रंगही त्याचाच." मग गोदाकडे वळले. "बाई, पूड का देत होता?"

गोदा खाली बघत म्हणाली, "ह्यांना आळणी लागे, पोरींना खारट. दोन भाज्या कुठून करू? म्हनून खडे कुटून ह्यांच्याच वाटीत टाकू लागले. ह्यांच्यासमोर टाकलं असतं तर म्हनले असते, आधी काहून न्हाई टाकलं?"

"त्या मिठानंच तुमचा नवरा इतके दिवस पायावर उभा होता. मग बंद कुणी केलं?"

उस्मानभाई छताची कौलं मोजायला लागला.

खरं सांगतो, ती पुडी विषाचीच निघाली असती तर बरं झालं असतं, इतकी मला तेव्हा लाज वाटली. जिनं मला जगवलं, तिलाच मी मारेकरी ठरवलं होतं!

डॉक्टरांनी नियम घालून दिले. दिवसातून तीनदा मीठ घातलेलं पाणी. उपास नाही, ऊन नाही, ओझं नाही. ताप आला किंवा उलटी झाली की घरी न थांबता दवाखाना गाठायचा. हैदराबादेहून त्या ग्रंथींच्या औषधाची सुई मागवतो, मिळाली तर तीही देऊ. आणि शेवटी म्हणाले, "पाणी बाईंच्याच हातचं घ्यायचं."

घरी येताना गाडीत मी गोदाला म्हणालो, "चुकलो." तिनं नुसती मान डोलावली. सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खाऱ्या पाण्याचा पेला आणला. माझ्यासमोर उभी राहिली, आधी स्वतः एक मोठा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, घटकाभर थांबली आणि पेला माझ्या हातात दिला.

"घ्या. मी न्हाई मेले."

त्याला आता दीड वर्ष होईल. दिवसातून तीनदा, न चुकता, पाहुण्यांसमोरसुद्धा!