मी वाटलेली भावकी

मोखाड्याच्या तहसिलीत मी एका ठेकेदाराला माझा चुलतभाऊ करून टाकला. त्याच्या जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रावर ऐटीत सही ठोकली. मी वारली आदिवासी. तो कोण, ते मला आजही नक्की ठाऊक नाही; पण वारली नव्हे.

का केलं? त्याने आमच्या सूर्यमाळला जीप पाठवली, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि ‘दादा’ म्हटलं. एवढ्यावर मी पाघळलो.

वर त्याच्या मुलीची शिकवणीही घेतली. जात पडताळणीत विचारतात म्हणून. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, बाईमाणूस. देव कोणते, लग्नाचा भिंतीवरचा चौक कोण लिहितं. पोरगी ‘काका, काका’ करत वहीत उतरवायची. मी मास्तर झालो होतो.

आमच्या राखीव जागेवर तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. माझी पोरगी त्याच यादीत, एका नंबराने बाहेर. पुढच्या वर्षी बघू, असं तिला सांगून मी जव्हारला ठेकेदाराच्या बंगल्यावर जेवायला गेलो. इस्त्रीचा सदरा घालून. काका ना मी! सोफ्यावर बसलो.

ठेकेदार पाहुण्यांना म्हणाला, “हा आमच्या साइटवरचा गडी. ऊठ रे, पाणी दे सगळ्यांना.”

मी उठलो. पाणी दिलं. काका म्हणणाऱ्या पोरीने माझ्याकडे न बघता ग्लास उचलला. मला चपलांपाशी वाढलं. आणि मी जेवलो. भात दोनदा घेतला. ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मग पडताळणीचे साहेब पाड्यावर आले. ठेकेदार त्यांच्याआधी हजर. पुन्हा ‘दादा’. साहेबांनी मला विचारलं, हे तुमच्या भावकीतले का?

“नाही. सही खोटी आहे. पोरीला मी शिकवलं, तेही लिहा.”

ठेकेदाराने माझा दंड धरला. कानात म्हणाला, तूही आत जाशील.

“जाईन की. तुम्हाला घेऊन जाईन.”

साहेबांचा कागद भरला. मी म्हटलं, दुसरा काढा.

आता गुन्हा माझ्यावरही आहे. वकील म्हणतो, नरमाईने घे. नाही घेणार. ठेकेदाराच्या गोतावळ्यात आणखी कोण कोण वारली झालंय, ते एकेक नाव कोर्टात सांगणार. त्याने माझा दंड धरला, मी त्याची मान सोडणार नाही.

हे सगळं मी माझ्या पोरीला रंगवून सांगितलं. ती नागलीची भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली,

“बा, माझी जागा गेली तेव्हा तू त्यांच्याकडे जेवायला गेलास. तुला पाणी वाटायला लावलं, तेव्हा कुठं तुला राग आला.”