बसूच्या मापाचं पान

"भावजी, हे गेलं..." बसूच्या बायकोचा, महादेवी वहिनींचा फोन आला तेव्हा मी मशिनवर होतो. "तुमच्याकडं शिवून पडलेला पांढरा शर्ट घिऊन या," एवढंच बोलल्या. शाळेपासूनचा माझा दोस्त, मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या बसाप्पा गेला, आणि मी टेलर माणूस, न्यायला तो आलाच नाही त्या शर्टाची घडी घालत राहिलो.

बसू म्हणजे दांडगा गडी. छाती बावन्न, पोट त्याच्याही पुढं, हात मात्र आखूड. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात रेडिमेडचं खूळ आलं, तेव्हा हौसेनं महाद्वार रोडवरची सगळी दुकानं पालथी घालून आला. सगळीकडं एकच उत्तर, "पावणं, तुमच्या मापाचं कंपनी काढतच न्हाय की." एका दुकानात गिऱ्हाइकंही हसली. माझ्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "गणू, समद्यांच्या कॉलरला लेबल हाय. मी काय माणूस न्हाय व्हय रं?" एवढ्या थोराड गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला शर्ट शिवला आणि माझ्या जुन्या शर्टाचं 'एल' मापाचं लेबल उसवून त्याच्या कॉलरला लावलं. बावन्न छातीला एल! लग्नकार्यात तो कॉलर उलटी करून लेबल दाखवायचा, पाहुणे पोट धरून हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं हा. तेव्हापासून मी त्याच्या प्रत्येक शर्टाला तसलंच 'एल'चं लेबल लावलं.

मापाच्या वहीत आकड्यापुढं एखादा शब्द लिहायची माझी सवय आहे, 'पोट सोडून' म्हणजे पोटावर कापड सैल, किंवा 'खांदा उतरता' असा. बसूला तर स्वतंत्र पान होतं. गेल्या वर्षी त्या पानावरचे आकडे उतरायला लागले. तो रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचा, मला वाटलं त्याचाच गुण. दसऱ्याआधी छाती बेचाळीस भरली.

"आता खरंच एल बसतंय की गा!" बसू हरखला. मी त्याला टाळी दिली, भजी मागवली. त्यानं एकच भजं खाल्लं.

"डाएट व्हय रं अडत्या?" मी चिडवलं. त्यानं हसून भज्यांची बशी माझ्याकडं सरकवली. टेप माझ्या हातात होती... डॉक्टरांच्या आधी मला कळायला हवं होतं. दोन महिन्यांत पोटातल्या गाठीनं त्याला नेलं.

हातकणंगल्याला गावाकडच्या घरी लिंगायत रीतीप्रमाणं त्याचा देह मांडी घालून बसवला होता. बेचाळीसच्या मापाचा तो शर्ट चढवला तर तोही खांद्यावरून ओघळला. जन्मभर ज्याच्यासाठी कापड जादा धरलं, त्याच्या पाठीमागं बसून मी शर्टाला टाचण्या लावल्या. एक टाचणी माझ्याच बोटात गेली.

"लेबल हाय न्हवं?" वहिनींनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो, आणि मग मला रडू आवरलं नाही.

ते पान वहीत तसंच आहे. पहिल्या ओळीत बावन्न, त्यापुढं 'पोट सोडून'. शेवटच्या ओळीत बेचाळीस, आणि त्यापुढं माझ्याच अक्षरात... 'झकास'.