दहा लाख तीनची बाकी

"घडीघडी बाकी चारच कशी उरते वं?" मी विचारलं.

कारंज्याला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी गणिताचा परीक्षक. समोर कामरगावकडची नववीतली वैशाली. तिच्या चार्टवर एकच आकडा, १०,००,००३. ही मूळ संख्या आहे, असा तिचा दावा. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही ती. एवढी मोठी संख्या तपासायची तर हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. अशा एकशे अडुसष्ट आहेत. तिनं सगळे भागाकार हातानं केले होते, वहीभर.

मी पहिली पानं चाळली. सातनं भागलं, बाकी चार. अकरानं, चार. तेरानं, चार. मधल्या काही बाक्या वेगळ्या, पण सदतीसनं पुन्हा चार. मला वाटलं, उत्तर मोबाइलवरून घेतलं आणि आकडे असेच भरले.

"येतेच चार, सर. तुमी भागून पाहा ना."

"अन् काहून येते?"

"ते नाई माहीत."

"मंग कोणाचं पाहून उतरवलं?"

तिनं वही माझ्याकडे सरकवली फक्त. आजूबाजूचे शिक्षक ऐकत होते, तिचे सरही. मी मार्कांच्या शीटवर 'ओरिजिनल वाटत नाही' असा शेरा मारला. गणितातून एकच प्रोजेक्ट जिल्ह्याला, वाशीमला जाणार होता.

दुपारी डबा खाताना सहज कागदावर सातनं भागलं. चार. मग लक्षात आलं. ९,९९,९९९ ला सात, अकरा, तेरा, सदतीस या चारही संख्यांनी पूर्ण भाग जातो. तिची संख्या त्याहून चारनं मोठी. बाकी चारच राहणार. वीस वर्षं गणित शिकवणाऱ्याला हे दिसायला हवं होतं.

वाशीमची यादी तीन वाजता जाणार होती. दोन वाजले होते. सोबतचे परीक्षक गावंडे सर पेन काढून म्हणाले, "काही बदल हाय का, सर? मी सही करून राह्यलो."

सकाळी सगळ्यांसमोर मी तिला खोटं ठरवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "करा सही."

वही न्यायला ती आलीच नाही. ती अजून माझ्याकडे आहे. पुढे सवडीनं सगळे भागाकार तपासले. बरोबर आहेत. एक चुकला होता, तो तिनंच खोडून पुन्हा केलाय. उतरवणारा असं खोडत बसत नाही. अकरावीला तिनं गणित घेतलं नाही, असं तिच्या सरांकडून कळलं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दरवर्षी नववीच्या वर्गात मी ही संख्या फळ्यावर लिहितो. वैशालीची गोष्ट सांगतो, नावानिशी. त्यात न भागताच निकाल देणारा एक परीक्षक असतो.

"कोण व्हता सर तो?" पोरं विचारतात.

"होता कोणी," म्हणत मी पुढचं गणित घेतो.

तो मी. सातनं भागायला अर्धं मिनिटही लागत नाही.