हेमलानं शिवलेली सायकलची चड्डी

हेमला माही धाकली जाऊ. शिरपूरच्या बसस्टँडजवळ तिचं ब्लाऊज शिवाचं दुकान हाय. हात इतका साफ, का लोक मालेगावाहून लग्नाचं कापड घेऊन येतात. पण सोभाव! एखादा ब्लाऊज काखेत काचला तं गिऱ्हाईकाच्या आंधी हीच रडवेली होते, सारा उसवते अन् पुन्हा शिवते. "राहू दे न व," म्हटलं तं माह्यावरच खेकसते.

तिची पोट्टी सपना शायेच्या सायकल टीममधी. हवा हाय पोट्टी, हवा! पुढच्या महिन्यात मोठ्या शर्यतीसाठी निवड होती, अन् धरमसिंग सर म्हणत, सपना निंघालीच समजा. अन् एक दिवस पोट्टी म्हणते, "मी नाही जात. सायकल इकून टाका."

हेमला तापली. "काहून? कोणी बोललं काय तुले?" पोट्टी तोंडच उघडेना. मंग म्या तिले न्हाणीत गाठलं. माय व माय! जांघेतली कातडी पार सोललेली. सीटवर बसनंच होत नव्हतं तिच्यानं. अन् सांगे कोणाले? चड्डी आईच्या हातची होती न!

झालं असं, का सरांनं मोबाईलवर आतून गादी लावलेली चड्डी दाखवली होती. हेमला म्हणे, त्यात काय, मीच शिवतो. अन् तिनं गादीत भरला घरच्या वावरातला कापूस! घामानं त्याचे गोटे झाले अन् तेच पोट्टीले टोचले.

"म्या माह्या हातानं लेकरू सोललं," म्हणून हेमला रडली. दुसऱ्या दिवशी कापूस काढला अन् पॅडवाल्या ब्लाऊजचा फोम लावला. तरी काचे. शिवण चपटी केली, तरी काचेच. सपना खोबरेल लावून पडली राहे अन् हेमलाले जेवण जाईना. "पोट्टीची शर्यत माह्यापायी गेली," इतकंच बोले.

एका दुपारी दुकान बंद दिसलं म्हणून मी मांगच्या दारानं आत गेली. पाह्यलं तं काय! सपनाची सायकल स्टँडवर लावलेली, अन् हेमला सीटवर. स्वतःच्या मापाची चड्डी शिवून, लुगडं खोचून, पायडल मारून राह्यली. हसून हसून मी खालीच बसली.

"हसू नका बाई," ती घामाघूम होऊन म्हणे. "माही शिवण नाही काचत. आतल्या निकरीचं इलास्टिक काचते. निकर काढून पाह्यली, तं कायीच होत नाही! आत निकर घालाचीच नसंन हो!"

तिनं तिथूनच सरांले फोन लावला. सर हळूच म्हणाले, "हो ताई, तसंच असते. पण पोरींले कसं सांगू मी?"

"मले सांगाचं न मंग! मी बाई नाही काय?" हेमला अशी कडाडली, का सरांचे कान बसले असतीन. फोन ठेवला अन् मटकन माह्याजवळ बसली. "बाई, माह्या शिवणीत खोट नव्हती," म्हणे, अन् हुंदके देऊन रडली. मंग दोघीही हसाले लागलो.

सपनानं ऐकलं अन् ओढणीत तोंड लपवलं. "आई, कायीच्या काही! आत कायीच नाही?"

"गादी हाय न व, बह्याड! तीच निकर समज."

हेमलानं टीममधल्या साऱ्या पोट्ट्या दुकानात बोलावल्या, दार लावलं अन् सरळ सांगून टाकलं. पोट्ट्या लाजल्या, खिदळल्या. त्यातल्या दोघींले तसंच काचत होतं, पण कोणीच बोललं नव्हतं.

निवडीच्या दिवशी आमी दोघी रस्त्याच्या कडेले उभ्या होतो. बाकीच्या पोट्ट्यांच्या माया टाचा उंचावून नंबर मोजत होत्या. सपना समोरून सणाणत गेली. हेमलानं माहा हात असा दाबला, का बांगडी फुटली.

"बसली हाय बाई! पोट्टी सीटवर बसली हाय!"

सपना निवडली गेली. ते आमाले घरी गेल्यावर समजलं.