ताईपुढे डॉक्टरकी

मरणाच्या दारातल्या माणसाशी कसं बोलावं, या बाबतीत डॉक्टरीणबाईंचा शब्द प्रमाण मानला जाई. उभी हयात त्यांनी बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या वॉर्डात काढली. डॉक्टर आणि रोग्यांची बोलणी परवानगी घेऊन रेकॉर्ड करायची, पुन्हा पुन्हा ऐकायची आणि डॉक्टर मंडळी नेमकी कुठे माती खातात ते शोधायचं, हे त्यांचं संशोधन. शिकाऊ डॉक्टरांना त्या बजावत, "दारातून बोलू नका. खुर्ची घेऊन बसा. रोग्यानं काही विचारलं, तर आधी त्याला काय वाटतं ते विचारा. आणि मग तोंडाला जरा कुलूप लावा." पोरं पाठीमागे त्यांना 'खुर्चीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

मग त्यांची थोरली बहीणच त्या वॉर्डात दाखल झाली. आई गेल्यावर हिनंच बाईंच्या वेण्या घातल्या होत्या, कान उपटले होते, शिकवलं होतं. एका दुपारी तिनं विचारलं, "यातून मी उठत नाही ना गं?"

 बाईंची सवय हाडात मुरलेली. त्यांनी खुर्ची ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "तुला काय वाटतं, ताई?"

ताईनं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "बरं वाटतंय. तुमच्याकडची व्यवस्था छान आहे."

त्यानंतर ताई अगदी शहाण्यासारखी वागली. कुठे दुखतं, झोप लागली का, सगळं नीट सांगायची. भांडली नाही, की रडली नाही. बाईंनी तर स्वतःची पाठही थोपटून घेतली. आता ते आठवलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ताईची शुद्ध हरपली त्या सकाळी भाची व्हरांड्यात भेटली. "मावशी, रागावू नकोस," ती म्हणाली. "आई म्हणायची, धाकटी एकदा माझ्या गळ्यात पडून रडली असती, तर मलाही रडता आलं असतं. पण ती डॉक्टर होऊन येते. मग मीही तिच्यासाठी पेशंट होते."

बाई तडक आत गेल्या. चपला काढून पलंगावर चढल्या आणि ताईच्या कुशीत शिरल्या. नर्सनं पडदा ओढून घेतला.

"ताई, मला भीती वाटतेय गं. तू गेल्यावर मला रागावणार कोण?"

त्या विचारत राहिल्या. ताईचा श्वास तेवढा चालू होता.