परत पाठवलेली जीप

माझे खालू वारले त्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून, कफन घालून अंगणात ठेवलं होतं आणि जनाजा उठायचा खोळंबला होता तो माझ्या खालामुळे. खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, खालू तिचा नवरा. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्याकडून हवे असलेले दोन शब्द बोलायला तयार नव्हती.

आमच्याकडे रीत आहे. मयत उचलण्याआधी बायको नवऱ्याच्या उशाशी येते आणि चार बायकांच्या देखत म्हणते, कहासुना माफ केलं, म्हणजे बोललंचाललं सगळं माफ. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम, द्यायचा राहिला असेल तर तोही तेव्हाच माफ करून घेतात, पण खालूंनी तो लग्नातच दिला होता. त्या बाबतीत माणूस चोख. उरलं होतं ते कहासुना. बहुतेक बायका रडता रडता म्हणून टाकतात, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. खाला म्हणाली, "न्हाई म्हणायची म्या."

चाकूरपासून थोडं आत त्यांचं गाव. घरात दखनी बोलतात, खालाही बोलते, पण ती चिडली की मराठीत येते. लग्न होऊन आल्यापासून शेजारच्या लिंगायत काकूंबरोबर रानात खुरपायला जायची, भांडायला तिथंच शिकली. त्यामुळे तिनं मराठीत नाही म्हटलं तेव्हाच मला कळलं, हे प्रकरण लांबणार.

का म्हणत नव्हती, ते खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. खालाची पहिली मुलगी तीन वर्षांची असताना तापानं फणफणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झटके यायला लागले. गावातले डॉक्टर म्हणाले, लातूरला हलवा. काकूंच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं, त्यांनी धावपळ करून एक जीप बोलावली, ती दारात येऊन उभी राहिली. आमचं घर लातूरला, दवाखान्याच्या अगदी जवळ. आणि माझे वडील आणि खालू, दोघे साडू, त्या वर्षी एकमेकांशी बोलत नव्हते. कुठल्याशा लग्नात वडिलांनी खालूंना पहिल्या पंगतीला बोलावलं नाही, एवढंच कारण. लातूरला गेलं की आमच्याकडे उतरावं लागणार, दवाखान्यात आमचा डबा खावा लागणार. खालू म्हणाले, सकाळी बघू, उतरेल ताप. जीप परत पाठवली. सकाळपर्यंत पोरगी गेली.

आणि मग खालू म्हणाले, अल्लाहची मर्जी.

या दोन शब्दांचा मला आजही राग येतो. माझी श्रद्धा आहे, रोजे मी सोडत नाही. पण आपल्या हातानं केलेलं अल्लाहच्या दारात नेऊन टाकायचं आणि वर त्याला ईमान म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही. मुलीला दफन करून माणसं परतली तेव्हा खालानं सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं होतं, "मर्जी अल्लाहची असंल. जीप ह्यांनी परत लावली." त्यानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही.

खालू वाईट होते असं लिहिलं तर माझं काम सोपं होईल, पण ते खोटं होईल. मुलीवर त्यांचा जीव होता. ते नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, बसले की ती तोटीचा लोटा दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या हातावर पाणी ओतायची, निम्मं स्वतःच्या फ्रॉकवर. ते कधी ओरडले नाहीत. ती गेल्यावर त्यांनी त्या लोट्याला कुणाला हात लावू दिला नाही. पुढे मुलगा झाला, रांगत लोट्यापाशी गेला, तर पोराला उचलून बाजूला ठेवायचे. एवढं सगळं त्या माणसाच्या पोटात होतं, पण चुकलं माझं, हे ओठावर आलं नाही. मर्जीचं पांघरूण घेतलं आणि त्याखाली तीस वर्षं काढली.

मी तेव्हा शाळेत होते. मी वडिलांना विचारलं होतं की तिनं तर एक गुनाह केला नव्हता, तिला नमाज माहीत नव्हती, मग ते झटके कशाची शिक्षा? वडील म्हणाले, असं विचारायचं नसतं. त्यांनाही पंगत आठवत असणार. नंतर कधीतरी एका जाणत्या माणसानं समजावलं की ती शिक्षा नसते, आईबापाची आजमाइश असते, परीक्षा. म्हणजे परीक्षा आईबापाची आणि मेली ती. मी आता लातूरला मुलांना मराठी शिकवते. असा पेपर मी काढला तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

खालाच्या वाट्याला सबर आला. बायका यायच्या, सांगायच्या, लहानपणी गेलेली मुलं जन्नतच्या दारात उभी राहतात, हट्ट धरतात, आईबापाला घेतल्याशिवाय आत जात नाहीत. तू तर नशिबाची. सबर कर. अल्लाहवर सोड, तो बघून घेईल. सबर म्हणजे सोसणं. हाच शब्द मराठीत आला आणि सबूर झाला, म्हणजे थांब, जरा दम धर. खालानं तो मराठीतूनच ऐकला असावा असं मला वाटतं. ती थांबून राहिली. कशासाठी, कधीपर्यंत, ते कुणी सांगितलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी खालूंना लकवा मारला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. खालानं त्यांचं सगळं केलं, हागणंमुतणं काढलं, कूस बदलली, चमच्यानं पेज भरवली. शेवटी शेवटी ते तिच्याकडे बघत राहायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मुलगा म्हणायचा, अम्मी, अब्बा माफी मागून राहिले. खाला ओढणीच्या टोकानं त्यांचे डोळे पुसायची आणि म्हणायची, तोंड व्हतं तवा मागितली न्हाई.

तर अशी ती भिंतीला टेकून बसली होती. काकू तिच्या शेजारी होत्या. मुलगा आत-बाहेर करत होता. बाहेर मौलाना थांबले होते, तरुण, स्वभावानं मऊ. त्यांचं म्हणणं मुलानं आत येऊन सांगितलं. जनाजा काही कुणासाठी अडत नाही, पण अम्मीला एक गोष्ट कळली पाहिजे. नमाज चुकली, रोजा सुटला, हे अल्लाहचे हक्क, ते तो माफ करतो. पण माणसाचा माणसाकडे हक्क राहिला असेल तर तो ज्याचा त्यानंच सोडावा लागतो. तिथं अल्लाह आपणहून माफी देत नाही. अब्बांची सुटका आता तुझ्या हातात आहे.

खालानं मान वर केली. तिला हे नवीन होतं. मला ते ऐकून माहीत होतं, पण त्या खोलीत ते वेगळंच लागलं.

"सगळ्यांनी सांगितलं, अल्लाहवर सोड," ती म्हणाली. "म्या सोडलं. आता म्हंता, त्यानं माझ्यावर सोडलंय. मंग इतकी वर्सं आमी दोघं बी एकमेकाची वाट बघत बसलो म्हण की."

मुलाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तो बहीण गेल्यावर दोन वर्षांनी जन्मला, त्या घरातलं मौन त्यानं आईच्या दुधाबरोबर प्यायलं होतं. तो तिच्या पायाशी बसला आणि एवढंच म्हणाला की जोहरची, दुपारची अजान होऊन गेली, ऊन चढलंय, लोक उभे आहेत.

खालानं माझ्याकडे हात केला. मी तिला उठवलं, धरून अंगणात नेलं. पुरुष बाजूला झाले. खालूंचा चेहरा उघडा केला होता, कापराचा वास येत होता, दाढी नीट विंचरलेली होती. ती उशाशी उभी राहिली.

"माझं म्या माफ केलं तुमाला," ती म्हणाली. "बोललात, माहेर तोडलंत, समदं माफ."

कुणीतरी अल्हम्दुलिल्लाह म्हणालं. एका बाईनं चेहरा झाकायला कापड ओढलं. खालानं ते धरून ठेवलं.

"सबूर. पोरीचं माझ्याकडं न्हाई. ते माझं न्हाई तर म्या कसं माफ करू? ती दारात उभी हाय म्हंता ना तुमी? मायबापाला आत वढती म्हंता ना?" मग ती वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकेरीत बोलली. "जा. तिचं तिला इचार."

तिनं कापड सोडलं. मुलगा मौलानांकडे बघत होता. मौलानांनी सगळं ऐकलं होतं. ते काही समजावायला गेले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एवढंच म्हणाले, उचला.

माणसं गेली. बायकांत कुजबुज सुरू झाली की हिनं माफ केलं की नाही केलं. निम्म्या म्हणत होत्या केलं, निम्म्या म्हणत होत्या, ही कसली माफी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून काकू घरी जाऊन वरण-भाकरी घेऊन आल्या. खाला मोरीपाशी पायरीवर बसली होती. तोटीचा लोटा तिथंच खालच्या कोनाड्यात होता, त्याला अजून कुणी हात लावला नव्हता.

मी शेजारी जाऊन बसले. तिचा राग उतरला होता आणि ती एकदम फार म्हातारी दिसत होती. मला रडू येत होतं.

"ती वळखंल का गं त्यायला?" तिनं विचारलं. "तवा दाढी काळी व्हती. तोंड बी असं वाकडं नव्हतं."

ओळखेल, मी म्हणाले. न ओळखायला काय झालं. बापच ना तो.

तिनं मान हलवली. काकूंनी ताट पुढं सरकवलं. खालानं भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि परत ताटात ठेवला. मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले, ओढणीबाहेर आलेली पांढरी बट कानामागे सारली.

"आन मला?" ती म्हणाली.

खालूंच्या वेळी मी पटकन बोलून गेले होते. आता मी ताटातला तो तुकडा वरणात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला.