ज्यांना मतच नव्हते त्यांचा पक्ष

जिल्हा कौन्सिल आमच्या हातून गेली, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. खेड्यात मत असायचे ते बहुतेक ज्याच्या नावावर शेत असेल त्याला. आमचा पक्ष लहान शेतकऱ्यांचा, कुळांचा आणि शेतमजुरांचा. एकदा निवडून आलो, शाळा काढल्या, मजुरी वाढवून मागितली आणि कौन्सिलच्या विहिरी सगळ्या जातींना खुल्या केल्या. पुढच्या निवडणुकीत साफ आपटलो.

मी अमरावतीच्या वेशीवरच्या माळ्याच्या घरचा. सकाळी बाजारात वांगी-मेथी विकायची आणि दुपारनंतर पक्षाचे काम करायचे. कौन्सिलचे अध्यक्ष भातकुलीकडचे एक शेतकरी होते. त्यांना मी भाऊ म्हणत असे. निकालानंतर पक्षाच्या खोलीकडे कोणी फिरकेना. भाऊ मात्र आले आणि म्हणाले, "कुलूप लाव अन् चाल माह्यासंगं. हारलो कावून, ते लोकायलेच इचारू."

भाऊंच्या दमणीतून, त्यांच्या हलक्या बैलगाडीतून, आम्ही गावोगाव निघालो. पहिल्याच गावात भाऊंची एक लांबची मावशी होती. विधवा बाई, शेत तिच्या नावावर, म्हणून मतही तिला. तिने आम्हाला जेवायला बसवले. भाऊंनी सरळच विचारले, "मावशी, मत कोनाले देलं?"

"तुले नाही देलं," ताक वाढता वाढता ती म्हणाली.

"कावून?"

"वरून कावून म्हनतं? तुह्या त्या इहिरीवर आता कोनीबी येते. माही सून घागर घेऊन तशीच उभी राह्यते. अन् मजुरीचं तं इचारूच नको. कापूस येचाले बाया सांगतीन तो भाव! तू आमचाच ना रे? मंग आमच्याच मुळावर कावून उठला?"

भाऊंनी मान खाली घालून भाकर संपवली. तिने त्यांना आग्रह करून आणखी एक वाढली. माया कमी झाली नव्हती, मत तेवढे गेले होते.

तिथून गावाबाहेरच्या मजुरांच्या वस्तीत गेलो. एका म्हाताऱ्याने बाज टाकली, पण स्वतः उभाच राहिला. भाऊंनी त्यालाही तेच विचारले. तो म्हणाला, "आमी तं तुमालेच देलं असतं जी. पन आमाले मत कोठी हाय?"

मागून एक बाई म्हणाली, "तुमी पडले. मंग आता इहीर बंद व्हते का?"

"नाही होत," भाऊ म्हणाले.

असे म्हणायला आता त्यांच्या हाती काही उरले नव्हते. हे त्या बाईलाही समजत असावे, कारण तिने पुन्हा विचारले नाही.

मोर्शीच्या बाजूला संत्र्याच्या बागा असलेले लोक, इकडे कपाशीवाले, सगळीकडे हेच ऐकले. परतताना भाऊ बैलांकडे बघत म्हणाले, "ज्यायच्यासाठी केलं त्यायले मत नाही. ज्यायले मत हाय, त्यायले ते नको. आता कोनापाशी जाव?"

पुढे काय करायचे हे ठरवायला अकोल्यात बैठक झाली. पक्षाचे प्रमुख तिथले एक वकील होते. मनाने चांगले, स्वतःच्या अंगणातला हौद त्यांनी आमच्याही आधी सर्वांना खुला केला होता. आमची हकीकत त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग उत्तर तुमच्याच बोलण्यात आहे. या खेपेला विहिरी नकोत, मजुरीही नको. शेतसारा आणि कापसाचा भाव, एवढेच बोलायचे. कापूसपट्ट्यातली एक जागा तिथल्या जिनिंग कारखान्याच्या शेठना देऊ. आधी कौन्सिल परत घेऊ, मग विहिरींचे बघू."

मी म्हणालो, "मजुरांना मत मिळावे हीच मागणी घेऊन उभे राहू."

"तो कायदा आपल्या हातात नाही. नागपूरच्या सरकारलासुद्धा त्यासाठी विलायतेकडे बघावे लागते. आणि मत मिळेपर्यंत ही मागणी मते कुणाची आणणार?"

 याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

भाऊ म्हणाले, "वकीलसायेब, ते जे बोलतात तेच आपन बोललो, तं लोकायनं आपल्यालेच मत कावून द्याव?"

वकिलांनी प्रश्न बैठकीपुढे ठेवला. शेवटी हात वर करून निर्णय झाला. आमच्या बाजूचे हात थोडेच होते.

भाऊंनी पक्ष सोडला नाही. शेठच्या सभांना ते यायचे, मागे बसायचे. बोला म्हटले तर घसा बसला आहे म्हणायचे. निवडणूक झाली. मोठे शेतकरी होते तिकडेच राहिले. आपला माणूस म्हणून आम्हाला मत देणारे लहान शेतकरी घरीच बसले. शेठ तेवढे निवडून आले आणि कौन्सिल भरताच खुर्चीसाठी दुसऱ्या पक्षात गेले. लवकरच नव्या कौन्सिलने विहिरींचा कारभार गावोगावच्या पंचांकडे सोपवला. वस्तीतल्या बाया पुन्हा लांब उभ्या राहून कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहू लागल्या.

भाऊ मला घेऊन त्या म्हाताऱ्याच्या वस्तीत गेले. काय बोलायचे ते त्यांनी वाटेत जुळवले होते, पण ते बोलायच्या आधीच म्हाताऱ्याने बाज टाकली. म्हणाला, "सावलीत बसा जी. ऊन गंज हाय." कोणी रागावले नाही, कोणी विचारले नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. आमच्याकडून त्यांनी कसली आशा धरलीच नव्हती, म्हणून ती मोडलीही नव्हती.

त्यानंतर भाऊ कुठल्याच बैठकीला आले नाहीत. बोलवायला गेलो की कपाशीवर कीड पडली, बैल आजारी आहे, असे काहीतरी सांगत आणि चहा पाजून परत पाठवत. मी मात्र जात राहिलो. पुढच्या निवडणुकीआधी अकोल्यात पुन्हा बसलो, तेव्हा वकीलसाहेबांचे केस पिकले होते. कापूसवाले आपल्याकडे कसे ओढायचे, यावर दुपारभर बोलणे झाले. विहिरीचे नाव कोणी काढले नाही. मीही काढले नाही.